भिंगातले संत

भक्तीच्या चित्रातलं गणित तसं सोपं असतं. जो मोठा, त्याला मोठा काढायचा. मध्यभागी देव किंवा संत, चौकटीत जेमतेम मावेल असा, मागे प्रभावळ, पायाशी भक्त, तो गुडघ्याएवढा, आणि उरलेल्या जागेत छापखान्याचा पत्ता. हे गणित काही आपल्याकडेच आहे असं नाही. युरोपातल्या चर्चमधल्या जुन्या चित्रांतही संत ताडमाड, आणि चित्राचे पैसे मोजणारा सावकार कोपऱ्यात हात जोडून बसलेला, एवढासा. (सावकार एवढासा दिसण्याची ती एकच जागा असावी.) सतराव्या शतकात झाक कालो नावाच्या माणसानं हे गणित उलटं करून टाकलं. त्याचे संत मी गेली काही वर्षं बघतो आहे, आणि ते बघायला चष्म्यावर आणखी एक भिंग धरावं लागतं.

कालो १५९२ साली नांसीत जन्मला. नांसी आज फ्रान्समध्ये आहे. तेव्हा ती लोरेन नावाच्या छोट्या राज्याची राजधानी होती. वडील ड्यूकच्या दरबारी चाकरीला. बाराव्या वर्षी पोरगं घरातून पळालं आणि जिप्सींच्या तांड्याबरोबर इटलीला गेलं, असं त्याचे जुने चरित्रकार सांगतात. थोर कलावंताला चरित्रात एकदा तरी घरातून पळावंच लागतं. त्याशिवाय चरित्रकाराचं पहिलं प्रकरण भरत नाही. खरं एवढंच, की तो रोमला हे काम शिकला, फ्लॉरेन्सला मेदिचींच्या पदरी राहिला, धनी १६२१ साली वारल्यावर नांसीला परतला आणि १६३५ साली, पंचेचाळिशी न गाठताच, गेला. तेवढ्यात त्यानं चौदाशेच्या आसपास चित्रं तांब्यावर उतरवली. त्यातली कितीतरी पोस्टकार्डापेक्षा लहान. फ्लॉरेन्सजवळच्या इंप्रुनेता गावची जत्रा त्यानं १६२० साली काढली, त्या एका कागदावर हजारावर माणसं आहेत. शिवाय कुत्री आहेत, घोडे आहेत. मोजणाऱ्यांनी ती मोजलीसुद्धा आहेत. कलासमीक्षा हा धंदा दिसतो तितका आरामाचा नाही.

मी असाच एकदा एका चित्रात नाक घालून बसलो होतो, तेव्हा आतून प्रश्न आला, "अहो, मुंग्या काय बघताय भिंगातून?"

"मुंग्या नाहीत, संत आहेत."

"संत? मग हात जोडा. भिंग काय धरताय?"

ह्यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि खरं म्हणजे अजूनही धड सुचलेलं नाही. दोन्ही हात जोडलेल्या माणसाला भिंग धरता येत नाही. ही चित्रं हात जोडण्यासाठी केली म्हणावीत, तर संत सापडत नाही. भिंगातून बघण्यासाठी केली म्हणावीत, तर मग संत घेतलाच कशाला? जत्रा काय वाईट होती?

आधी ही चित्रं होतात कशी ते सांगतो, म्हणजे भिंगाचा दोष माझ्या डोळ्यांवर येणार नाही. चित्रकार ह्या प्रकाराला 'एचिंग' म्हणतात, आपले कोशकार 'अम्लरेखन' म्हणतात. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा, त्यावर मेणासारखा थर चढवायचा, आणि सुईनं थर खरवडत चित्र काढायचं. मग पत्र्यावर अ‍ॅसिड सोडायचं. जिथं तांबं उघडं पडलं तिथं अ‍ॅसिड खातं आणि खाच पडते. खाचांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा. वाचायला सोपं वाटतं. खरी गंमत अशी, की मऊ मेणाचा थर मध्येच एखाद्या ठिकाणी सुटायचा, अ‍ॅसिड भलतीकडे शिरायचं, आणि महिनाभराच्या मेहनतीवर देवी आल्यासारखे डाग उठायचे. कालोनं इटलीत वाद्यं करणाऱ्यांचं कडक व्हार्निश उचललं, तेच पत्र्यावर चढवलं. ते सुटत नाही. म्हणजे आता अ‍ॅसिडच्या भरवशावर केसाएवढी रेघ ओढता येते.

दुसरी युक्ती सुईची. नुसतं अणकुचीदार टोक असलेली सुई एकाच जाडीची रेघ ओढते. कालो तिरकी कापलेली सुई वापरायचा. बोटांत जराशी फिरवली की रेघ बारीक निघते, जाड होते, पुन्हा बारीक होते. ज्यांनी लहानपणी बोरूनं कित्ता गिरवला आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. बोरूचं टोक तिरकं कापलेलं नसलं की 'क'चं पोट भरत नाही आणि मास्तरांचा हात आवरत नाही. तिसरी युक्ती वेळेची. दूरचे डोंगर अ‍ॅसिडात थोडाच वेळ ठेवायचे, मग त्यांच्यावर लेप देऊन ते झाकायचे. जवळची माणसं जास्त वेळ ठेवायची. म्हणजे चित्रात जे लांब आहे ते अ‍ॅसिडातून लवकर सुटलेलं आहे. पुढे १६४५ साली आब्राम बॉस ह्या त्याच्या चाहत्यानं हे सगळं रीतसर पुस्तकात लिहून ठेवलं. कालोनं स्वतः पुस्तक लिहिलं नाही. त्याला कामं होती.

आणि कामं कुठली? तर त्या काळी संतांना मागणी होती. प्रॉटेस्टंटांनी चित्रं-मूर्तींवर तोफ डागली होती. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं उत्तर दिलं की चित्रं राहतील, लोकांना शिकवण देण्यासाठी राहतील, पण चावटपणा आणि अंधश्रद्धा चालणार नाही. झालं. शिकवण द्यायची तर संतांची चरित्रं द्यायची. आणि चरित्रातला सगळ्यात लक्षात राहणारा भाग कुठला, तर शेवट. वसईकडचे ख्रिस्ती लोक 'रक्तसाक्षी' असा नेमका शब्द वापरतात. त्या रक्ताला छापखाने लागले. १५९१ साली गाल्लोनिओ ह्या रोमच्या पाद्रीबुवांनी रक्तसाक्षींच्या छळाच्या साधनांवर एक आख्खं सचित्र पुस्तक काढलं. तांब्यावरचं काम टेंपेस्टाचं. चाकं, चिमटे, कढया, पकडी, सगळं पद्धतशीर. हेतू अतिशय पवित्र. पण पानं उलटताना लोखंडी सामानाच्या दुकानात किंमतपत्रिका चाळतोय असं वाटत राहतं. कुठल्या संताला काय लावलं हे कळतं, पण संत कोण होता ते कळत नाही.

ह्यापेक्षा अस्सल माणूस म्हणजे रिबेरा. कालोपेक्षा एका वर्षानं मोठा, जन्मानं स्पॅनिश, राहायला नेपल्सला. १६२४ साली त्यानं संत बार्थोलोम्यूचं एचिंग केलं. बार्थोलोम्यूची कातडी सोलली, अशी कथा आहे. रिबेरा आपल्याला थेट खाटकाच्या शेजारी नेऊन उभं करतो. त्या खाटकाचे दोन्ही हात संताच्या दंडाची कातडी ओढण्यात गुंतले आहेत, म्हणून त्यानं सुरी दातांत धरली आहे. ती सुरी बघितल्यावर मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. कुठल्याही घरकामात मग्न असलेला माणूस असंच करतो! खिळे तोंडात धरून भिंतीला चित्र लावणारा गृहस्थ आठवा. रिबेराला जे सांगायचं आहे ते त्यानं जवळ ओढून सांगितलं. तुम्हाला मान फिरवायची सोय ठेवली नाही.

कालो नेमका ह्याच्या उलट. तो तुम्हाला धरून मागं नेतो. आणखी मागं, आणखी मागं, टेकडीवर.

त्याचा संत सेबास्तियन घ्या. साल १६३२-३३च्या सुमाराचं. कागद वीतभरही उंच नाही, रुंदीला मात्र दुप्पट. मोठं मोकळं मैदान, मागं रोमची आठवण करून देणारी पडकी इमारत, दोन्ही अंगांना धनुर्धारी, बघ्यांची गर्दी. आणि अगदी मधोमध, लांब, खांबाला बांधलेली एक काडी. तो सेबास्तियन. तोपर्यंतचे सेबास्तियन म्हणजे चित्रकारांची चैन होती: देखणा तरुण, उघडं अंग, बाण असे लावलेले की देहाची शोभा जराही बिघडू नये. कालोनं त्याला इतका लांब उभा केला की तो देखणा आहे की नाही हे त्याच्या आईलासुद्धा सांगता येऊ नये. दिसतात ते बाण. हवेत आहेत, वाटेत आहेत. शिपाई नेम धरताहेत, पुढचा बाण काढताहेत, जणू दसऱ्याच्या आधीचा सराव चालला आहे. कुणाच्याही चेहऱ्यावर द्वेष नाही. मुळात चेहरेच नाहीत.

हे चित्र मला त्याच्या सगळ्या कामात सर्वांत मोठं वाटतं, आणि त्याचं कारण ते बारीक आहे म्हणून नाही. एका माणसाला मारायला किती माणसं लागतात आणि त्यातल्या कुणालाच त्याच्या जवळ जावं लागत नाही, हे त्यात दिसतं. शिवाय लोरेनमध्ये त्या वर्षांत प्लेग होता. सेबास्तियन हा प्लेगपासून राखणारा संत. साथ म्हणजे देवाचे बाण, ही युरोपातली जुनी समजूत. हे चित्र विकत घेणाऱ्या माणसाला लांबून, न दिसणाऱ्या हातांनी सुटलेले बाण म्हणजे काय हे रिबेराच्या सुरीपेक्षा जास्त कळत असणार. आणि त्याला हेही ठाऊक असणार, की कथेप्रमाणे सेबास्तियन ह्या बाणांनी मेला नाही. आयरीन नावाच्या बाईनं त्याची शुश्रूषा केली, तो उठला, पुन्हा बादशहासमोर जाऊन उभा राहिला, आणि मग त्याला दंडुक्यांनी मारलं. दंडुक्यांचा प्रसंग चित्रकारांना फारसा आवडत नाही.

संत अँथनीच्या बाबतीत मात्र कालोबद्दल मला तक्रार आहे. (हरवलेल्या वस्तू शोधून देणारे अँथनी ते वेगळे, पादुआचे. हे इजिप्तच्या वाळवंटातले. चित्रात हे स्वतःच हरवले आहेत, पादुआच्या अँथनींनी शोधून द्यावेत.) सैतानानं त्यांची परीक्षा पाहिली, हा विषय. कालोनं तो तरुणपणी एकदा केला आणि आयुष्याच्या शेवटी, १६३५ च्या चित्रात, पुन्हा केला. आभाळभर पसरलेला पंखांचा राक्षस तोंडातून पिलावळ ओकतो आहे. खाली तोफा, बंदुका, सांगाडे, चोची, शेपट्या, नको त्या ठिकाणाहून निघणारा धूर. उजव्या अंगाला गुहेच्या तोंडाशी बिचारे अँथनी कसेबसे उभे. बघायला बहार आहे. मुलांना तर हे चित्र दाखवाच, तासभर घर शांत राहील. पण ही परीक्षा संतापेक्षा चित्रकाराची जास्त झाली, आणि चित्रकार तीत सपशेल हरला आहे. त्याचं मन भुतांच्या शेपट्यांत इतकं रमलंय की अँथनी शरण गेले असते तरी त्याच्या लक्षात आलं नसतं. सेबास्तियनच्या चित्रात संत लहान आहे तो अंतरामुळे. इथं तो लहान आहे कारण जागा उरली नाही.

त्याहून फसलेलं काम म्हणजे संतांची दिनदर्शिका. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला कुणी ना कुणी संत आहे. एकेका पानावर चार-चार लंबगोल, त्यांत पाचशेच्या घरात जाणारे संत. पुस्तक १६३६ साली बाहेर आलं, कालो गेल्यावर, त्याचा मित्र आणि प्रकाशक इस्राएल आंरिए ह्यानं काढलेलं. वर्गणीदार खूश झाले असतील. पण सलग बघायला बसा: एक मनुष्य गुडघ्यावर, एक मनुष्य तलवार उगारून. दुसऱ्या दिवशी एक मनुष्य गुडघ्यावर, दुसरा मनुष्य तलवार उगारून. तिसऱ्या दिवशी बाई. फेब्रुवारी संपेपर्यंत माझी सहानुभूती तलवारवाल्याकडे वळू लागली; वर्षभर हात वर धरून त्याच्या खांद्याचं काय झालं असेल? अर्थात रोजचं पान रोजच उघडायचं असतं, हे मान्य. वर्षाचा वरणभात एका बैठकीत जेवू पाहणाऱ्यानं स्वयंपाक्याला नावं ठेवू नयेत. तरीही, पाचशे संतांमधून पाच चेहरे आठवू नयेत म्हणजे थोडं जास्तच झालं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, की ह्या माणसाला एवढं लहान काढायची खोडच होती, त्यात भक्तीचा काय संबंध? मीही तसंच धरून चाललो असतो. पण १६३३ साली त्यानं युद्धाच्या हालअपेष्टांची अठरा चित्रं प्रसिद्ध केली. त्याच वर्षी फ्रान्सच्या तेराव्या लुईनं नांसी घेतली. ह्या विजयाचं चित्र काढ म्हटल्यावर, त्यापेक्षा माझा अंगठा तोडून टाकीन असं कालोनं उत्तर दिलं, म्हणतात. तर त्या अठरांपैकी एकात मोठं झाड आहे, आणि झाडाला वीस-एक माणसं लटकावलेली आहेत. संत नव्हेत, चोर. गावं लुटणारे शिपाई, त्यांना झालेली शिक्षा. झाडाखाली नगाऱ्यावर फासे टाकून जुगार चालला आहे. येशूच्या क्रूसाखाली शिपायांनी त्याच्या वस्त्रासाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या, हे ज्याला माहीत आहे त्याला तो नगारा चुकत नाही. आणि झाडाला लावलेल्या शिडीवर, पुढच्या फाशीच्या माणसाजवळ, एक पाद्री चढला आहे. त्याच्या तोंडासमोर क्रूस धरण्यासाठी. एवढ्या मोठ्या पटांगणात कुणाच्या तरी अंगाशी भिडलेला तो एकटाच माणूस.

भिंग धरून मापं घ्या. हे चोर आणि तो सेबास्तियन उंचीला साधारण सारखेच भरतात. तीच काडी, तीच सुई, तेच दुरून बघणं. कुणाच्या डोक्यामागं प्रभावळ आणि कुणाच्या गळ्यात फास, हा फरक खालच्या मजकुरानं करायचा. उंचीच्या हिशेबात कालोनं तो धरलेला नाही. धर्मपरिषदेला हे चाललं असतं का, कुणास ठाऊक. मला वाटतं त्याच्या देवळातल्या आणि बाजारातल्या सगळ्या चित्रांत हीच एक गोष्ट खरोखर धीट आहे.

आता उरलं एक चित्र, आणि ते आपल्या दाराशी येतं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकीला सव्वीस ख्रिस्ती माणसांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यातले तेवीस फ्रान्सिस्कन पंथाचे आणि त्यांच्या अनुयायांपैकी, तीन जेझुइट. १६२७ साली पोप आठव्या अर्बननं त्यांना धन्य म्हणून घोषित केलं, आणि त्याच सुमाराला कालोनं फ्रान्सिस्कनांच्या तेवीस क्रूसांचं चित्र केलं. उरलेल्या तिघांचा हिशेब जेझुइटांनी बघावा. स्वर्गातसुद्धा खातेवह्या वेगळ्या असतात की काय! त्या तेविसांत एक आपल्या वसईचा. गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इकडची. तरुणपणी जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापार केला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन झाला, आणि १५९३ साली हिदेयोशीच्या दरबारी गेलेल्या पाद्रींचा दुभाष्या म्हणून परत जपानला आला. १८६२ साली तो संत ठरला; भारतात जन्मलेला पहिला. वसईत त्याच्या नावानं चर्च आहे, कॉलेज आहे.

ह्या तेविसांत गोन्सालो कुठला, हे शोधण्यात मी एक आख्खा रविवार घालवला. कालोनं नागासाकी पाहिलं नव्हतं, वसईचं नावही बहुधा ऐकलं नसेल. त्याला तेवीस क्रूस सांगितले होते, त्यानं तेवीस दिले. क्रूसामागे क्रूस, माणसामागे माणूस, चेहरा म्हणजे तीन-चार रेघा. शेवटी चित्राची एक प्रत काढून घेतली आणि वसईचे माझे एक स्नेही आहेत, निवृत्त मास्तर, त्यांच्याकडे पाठवली. म्हटलं, तुमचा माणूस आहे, तुम्हीच ओळखा.

पंधरा दिवसांनी मास्तर भेटले. प्रत त्यांच्या आईच्या हातात पडली होती. वय नव्वदीच्या घरात, डोळे अधू. तिनं विचारलं, "ह्यातला आपला कुठला रे?" मास्तर प्रामाणिक, म्हणाले, "ते कळत नाही, आई." म्हातारी म्हणाली, "बरं." पहिल्या क्रूसापासून सुरुवात करून एकेका क्रूसावर बोट टेकवत गेली, तेविसावा झाल्यावर कपाळाला बोट लावून क्रूसाची खूण केली, आणि कागद प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून दिला.

"तो जरा मोठा करून मिळेल का?" मास्तरांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "मिळेल की. पण मास्तर, मोठा केला तरी चेहरा काही निघायचा नाही. पत्र्यावरच तो तेवढा आहे."

"चेहरा कशाला?" मास्तर म्हणाले. "आईला खाली त्याचं नाव लिहायचंय. जागा पुरत नाही."